दर नऊ जणांमागे एक

ऑफिसात मला तळटीप म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण भिंतींना कान असतात तसे माझ्या टेबलालाही आहेत. मला त्याचा राग येत नाही. तळटीप ही पानावरची एकमेव प्रामाणिक जागा असते असं माझं मत आहे. वर वाटेल ते ठोकून द्यावं, खाली आलं की कोणाच्या जिवावर ठोकलं ते सांगावं लागतं. घरीही माझी ख्याती हीच. नवरा म्हणतो, दूध संपलं असं नुसतं सांगितलं तरी ही विचारते, कोणी पाहिलं आणि कधी पाहिलं. ही शुद्ध अतिशयोक्ती आहे. दुधाच्या बाबतीत मी फक्त कधी एवढंच विचारते.

नगरपालिकेतला आमचा विभाग शहराची आकडेवारी सांभाळतो. रस्त्यावर दिवे किती, दवाखान्यात खाटा किती, शाळा सोडणारी मुलं किती, असलं सगळं गोळा करून आम्ही वर्षातून एकदा जाडजूड अहवाल छापतो. तो कोणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत नाही, पण भाषण करणारा प्रत्येक जण त्यातला एखादा आकडा उचलतो. मागच्या अहवालात एका भागातल्या बाकांच्या रकान्यात भटक्या कुत्र्यांचा आकडा पडला. तो वाचून बागखात्याने तिथले नवे बाक रद्द केले, कारण कागदोपत्री दर चार झाडांमागे एक बाक होता. चूक निस्तरताना असं निघालं की कुत्र्यांचा आकडा तरी आला कुठून, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा बाईंनी ठरवलं, आता नियम करायचे.

बाई म्हणजे आमच्या विभागप्रमुख. त्या इतक्या हळू बोलतात की भांडायला आलेल्यालाही आवाज उतरवावा लागतो. नियम लिहायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं, आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या हे लपवण्यात अर्थ नाही. आकडा कुठून घेतला ते कसं लिहायचं, जुना आकडा नवा म्हणून कसा खपवायचा नाही, दुसऱ्याच्या अहवालातून उचलला तर मूळ अहवालाचं नाव कसं द्यायचं, सगळं मी कलमवार मांडलं. त्यातलं माझं लाडकं कलम पहिलं होतं: ज्याने मोजलं त्याच्यापर्यंत पोचल्याशिवाय आकडा छापायचा नाही. कोणी मोजलं, कधी मोजलं, कुठे मोजलं, किती जणांना विचारून मोजलं. चार प्रश्न. उत्तरं मिळाली तर आकडा राहील, नाही मिळाली तर जाईल, मग तो कितीही देखणा असो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

मग जुन्या अहवालातला एकेक आकडा आम्ही या चाळणीतून काढू लागलो. बरेच निमूट पार पडले. काहींनी नाकात दम आणला. पाण्याच्या गळतीचा आकडा तीन खात्यांनी एकमेकांकडे टोलवला आणि शेवटी एका अभियंत्याने कबूल केलं की तो अंदाज आहे, पण चांगला अंदाज आहे. तो गेला. असे आकडे काढून टाकताना मला जे समाधान वाटायचं ते माळ्यावरची अडगळ काढताना वाटतं तसलं होतं.

आणि मग तो आकडा आला.

एकट्या राहणाऱ्या दर नऊ वयस्कांमागे एक जण आठवडाभर कोणाशीही बोलत नाही. हे वाक्य आमच्या शहरात माहीत नसलेला माणूस सापडणार नाही. ते बसथांब्यांवर आहे, नगराध्यक्षांच्या भाषणात आहे, माझ्या दातांच्या डॉक्टरांच्या भिंतीवरही आहे. तोंड उघडं ठेवून पडलेलं असताना मी ते अनेकदा वाचलं आहे. आणि त्याच आकड्यावर माझ्या भावाची फोनसेवा उभी आहे.

माझा भाऊ, आमचा दादा, जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत होता. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, त्यामुळे अर्धा भाऊ आणि अर्धा बाप. त्याला मूलबाळ नाही. वहिनी गेली, पाठोपाठ नोकरी संपली, आणि थोड्याच दिवसांत त्याने ही सेवा काढली. एकट्या माणसांनी फोन करायचा, पलीकडून कोणीतरी उचलायचा आणि गप्पा मारायच्या, एवढंच. सल्ला नाही, उपदेश नाही. नगरपालिकेने जुन्या वाचनालयामागची एक खोली आणि दोन फोन दिले. देण्याच्या ठरावात पहिलंच वाक्य होतं ते दर नऊ जणांमागे एकवालं. दर वर्षी नवा अहवाल आला की ठराव पुन्हा मांडला जातो. म्हणजे अहवालातून आकडा गेला, तर ठराव लंगडा होणार आणि खोली जाणार. दादाकडे त्या खोलीशिवाय दुसरं काही नव्हतं. हे मला जितकं माहीत होतं तितकं कोणाला नव्हतं.

तरी मी निर्धास्त होते. इतका मिरवणारा आकडा, त्याला आईबाप असणारच. आमच्या अहवालात खाली एका वर्तमानपत्राचं नाव होतं. ते माझ्या आधी या टेबलावर असलेल्या गृहस्थांनी दिलं होतं. ते निवृत्त होऊन आता नातवंडांत रमले आहेत. मी वर्तमानपत्रात फोन केला. तिथल्या बाईने जुनी बातमी शोधून सांगितलं की तो आकडा फोनसेवेच्या पत्रकातून घेतला होता. मी फोनसेवेचं पत्रक काढलं. त्याच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं: आधार, नगरपालिकेचा वार्षिक अहवाल.

मी ते दोनदा वाचलं आणि एकटीच हसले. आम्ही वर्तमानपत्राचा हवाला देत होतो, वर्तमानपत्र पत्रकाचा, आणि पत्रक आमचा. मांजर आपलीच शेपटी धरून गोल फिरत होतं आणि सगळं शहर त्याला वाघ समजत होतं. असली चूक फक्त आमच्या धंद्यातले लोक करू शकतात. बाकीचे निदान सरळ खोटं तरी बोलतात.

हसू ओसरल्यावर मी वाचनालय गाठलं. तिथे फोनसेवेची जुनी पत्रकं जपून ठेवलेली होती. अगदी पहिलं, आमच्या अहवालाच्याही आधीचं, दादाने छापलेलं. त्यात आकडा होता आणि खाली आधार म्हणून काहीही नव्हतं. म्हणजे चार प्रश्न मला माझ्याच भावाला विचारायचे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोनसेवेच्या खोलीवर गेले. तिथे दोन टेबलं आहेत, एक किटली, खिडकीला वहिनीच्या जुन्या चादरीचा पडदा, आणि कोपऱ्यात एक आरामखुर्ची जिच्यात कोणी बसत नाही, कारण फोनची तार तिथपर्यंत पोचत नाही. दादा फोनवर होता. हातानेच मला बस म्हणाला. पलीकडचं माणूस बोलत होतं आणि दादा मधूनमधून हं, मग, अरे वा असं म्हणत होता. त्याचं हं ऐकावं. नुसत्या हं मध्ये तो माणसाला पाठीवरून हात फिरवल्यासारखं वाटायला लावतो.

फोन झाल्यावर मी विषय काढला. आधी नियमांचं सांगितलं, मग शेपटी धरलेल्या मांजराचं. तो खूप हसला. मग मी विचारलं की पहिल्या पत्रकातला आकडा कोणी मोजला होता. तो हसायचा थांबला आणि किटली उचलून चहा करायला लागला. दादाला अडचणीत पकडलं की तो चहा करतो.

"मीच मोजला," तो पाठमोरा म्हणाला.

मी उरलेले प्रश्न विचारले. कुठे, तर त्याची इमारत आणि शेजारची, जिथल्या लिफ्ट तो सांभाळायचा. किती जणांना, तर दोन्हीकडे मिळून एकटी राहणारी जी वयस्क माणसं होती तेवढ्यांना. नऊ. मी म्हटलं, नऊ माणसांवरून सगळ्या शहराचा आकडा? सुतावरून स्वर्ग गाठलास की. तो म्हणाला, शितावरून भाताची परीक्षा करतातच ना.

"आणि त्या नवांतलं एक कोण होतं? कधी विचारलंस?"

त्याने कप माझ्यापुढे ठेवला. स्वतःचा घेतला नाही.

"आठ दारं वाजवली. आठही जण म्हणाले, बोललो की. कोणी मुलाशी, कोणी शेजाऱ्याशी. नववा मी."

मी हातातलं पेन खाली ठेवलं. असं मी फारसं करत नाही.

मग त्याने हळूहळू सगळं सांगितलं. वहिनी जाऊन काही महिने झाले होते. त्या आठवड्यात त्याला ताप होता, घसा बसला होता. आणि त्याच आठवड्यात मी बाळंतपणासाठी दवाखान्यात होते. नवजात बाळाजवळ तापाचं माणूस नको म्हणून तो आला नाही. घरचे सगळे माझ्याकडे. त्याला माझ्या नवऱ्याचा निरोप फोनवर आला, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. त्याने तो निरोप वाचला, आणि लक्षात आलं की मी मामा झालो हे सांगायला घरात कोणी नाही, आणि आठवडाभर आपण तोंडातून एक शब्द काढलेला नाही. दोन दिवस तो तसाच बसून राहिला. ताप उतरल्यावर त्याला राहवेना. पण कोणाचं दार वाजवून आपलं आपणच काय सांगायचं, मी मामा झालो म्हणून? लोक म्हणतील, बायको गेल्यापासून याचं डोकं फिरलं.

"म्हणून हातात एक कागद आणि पेन घेतलं," दादा म्हणाला. "दार उघडलं की म्हणायचो, एक पाहणी चालली आहे, गेल्या आठवड्यात तुम्ही कोणाशी बोललात का? ते उत्तर द्यायचे. मग जाता जाता सांगायचो, बरं का, मला भाची झाली."

ताकाला जाऊन भांडं लपवावं तर आमच्या दादाने. आठ दारांवर त्याने माझ्या लेकीची बातमी सांगितली. एका आजीने त्याला आत बोलावून बसवलं. एका गृहस्थाने स्वतःच्या भाचीचे फोटो दाखवले. त्या संध्याकाळी घरी येऊन त्याने कागदावर पाहिलं तर आठ होकार होते, आणि नवव्या जागी त्याने स्वतःचा नकार लिहिला, कारण तोही एकटा राहणाराच होता आणि खोटं कशाला लिहायचं. त्यातूनच त्याला सेवा सुचली.

कधी मोजलं हे आता पुन्हा विचारायची गरज उरली नव्हती. माझी मुलगी तेव्हा चार दिवसांची होती. मी दवाखान्याच्या पलंगावर पडून सगळ्या जगाने माझ्या बाळाचं कौतुक करावं म्हणून रुसत फुगत होते, आणि माझा भाऊ दारोदार तिची बातमी वाटत होता. मला रडू आलं. दादाने चादरीच्या पडद्याचं टोक पुढे केलं आणि म्हणाला, पूस, उद्या धुवायचाच आहे.

मग तो शांतपणे म्हणाला की आकडा काढून टाक. तुझेच नियम आहेत, भावासाठी वाकवू नकोस. मी म्हटलं खोलीचं काय. तो म्हणाला, खोलीचं बघू. त्याचं बघू मला लहानपणापासून पाठ आहे. ज्या गोष्टीची त्याला सर्वांत जास्त भीती वाटते तिला तो बघू म्हणतो.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना सगळं सांगितलं. नातं लपवलं नाही. लपवलं असतं तरी माझ्या चेहऱ्यावर दिसलंच असतं. बाईंनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिल्या. मग नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या की शास्त्राच्या दृष्टीने यात आणखी एक घोळ आहे. नवव्याची नोंद होईपर्यंत तो आठ जणांशी बोललेला होता. म्हणजे त्या दिवशी त्या दोन इमारतींत न बोललेलं माणूस एकही उरलं नव्हतं.

"पाहणीने आकडाच पुसून टाकला," बाई म्हणाल्या. "असं मी पहिल्यांदाच पाहते आहे. तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा. आणि आकडा काढा."

मी पेन्सिलीने त्या ओळीवर रेघ मारली. मग मी विचारलं की अहवाल छापायला अजून वेळ आहे, तोवर आपण हेच नीट मोजलं तर. बाई म्हणाल्या, नियमांची कुठेतरी चाचणी घ्यायचीच होती, ती याच आकड्यावर घेऊ. मात्र फोनसेवेतलं कोणीही मोजायला जाणार नाही, कारण ज्याचं घोडं शर्यतीत आहे त्याने निकाल लावायचा नसतो. आणि मी जायचं, पण माझी प्रत्येक नोंद दुसऱ्या कोणीतरी तपासायची.

नगरपालिकेकडे एकट्या राहणाऱ्या वयस्कांची नोंद असते. तिच्यातून बाईंनी रीतसर चिठ्ठ्यांच्या पद्धतीने सहाशे घरं काढली. त्याआधी बोलणं म्हणजे काय यावर आमचे वाद झाले. दुकानात किती झाले असं विचारणं धरायचं का? मांजराशी बोलणं? देवाशी? आमच्या छपाईवाल्यांचं म्हणणं होतं की त्यांच्या सासूबाई रेडिओशी भांडतात आणि त्या अजिबात एकट्या वाटत नाहीत. शेवटी बाईंनी व्याख्या केली: तुम्ही स्वतःबद्दल काही सांगितलं, समोरच्या माणसाने ते ऐकलं, आणि त्यावर काही म्हटलं, तर ते बोलणं. मी ती जशीच्या तशी लिहून घेतली. शेवटी एक प्रश्न माझ्या आग्रहाने घातला, की पुन्हा कोणी फोन केला तर चालेल का.

मग आम्ही दारं वाजवत सुटलो. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या मला पहिल्यांदा शेळ्या जवळून दिसल्या. कोणी दाराच्या फटीतून उत्तर देऊन फट बंद करायचं. कोणी इतकं बोलायचं की पाय दुखायला लागायचे. एका निवृत्त शिंप्याने मला उभ्या उभ्या माझ्या कुर्त्याच्या खांद्यातली चूक समजावून सांगितली आणि मग म्हणाला, आता तुमचं विचारा. एक बाई होत्या, नीटनेटक्या, केस विंचरलेल्या. गेल्या आठवड्यात कोणाशी बोललात का, या प्रश्नावर त्यांनी फार विचार केला. मला घाई नव्हती. शेवटी म्हणाल्या, बोलले असते, पण काही झालंच नाही सांगण्यासारखं. त्यांचा नकार मी लिहिला. माझ्या हाताने लिहिलेला तो पहिला नकार. जाता जाता पुन्हा फोनचं विचारलं, तर त्या म्हणाल्या, करा ना, पण मी काय बोलू ते तुम्हीच सुचवा.

दादाला मी यातलं काही सांगू शकत नव्हते, निकाल लागेपर्यंत तोंड शिवून ठेवायचं हा नियमही माझाच. दर रविवारी तो आमच्याकडे यायचा. माझी लेक त्याला शाळेतलं रामायण ऐकवायची, तो हं, मग, अरे वा करायचा. जाताना माझ्याकडे एकदाच बघायचा आणि काही विचारायचा नाही. मला माझ्याच नियमांचा एवढा संताप कधी आला नव्हता.

निकाल आला. सहाशे घरांतली चोवीस माणसं आठवडाभर कोणाशी बोलली नव्हती. दर पंचवीस जणांमागे एक.

मी तो आकडा घेऊन खोलीवर गेले. दादाने तो ऐकला, मनात भागाकार केला, आणि म्हणाला की हे तर चांगलंच झालं, मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी कमी लोक गप्प आहेत. हे तो मनापासून म्हणाला. माझ्या भावाचं हेच मला कळत नाही, स्वतःचं घर बुडत असताना तो शेजाऱ्याचा पाय कोरडा आहे म्हणून खूश होतो. थोड्या वेळाने उठून त्याने जादाचे कप धुतले आणि कागदात गुंडाळायला घेतले. मी म्हटलं, अजून ठरावाची बैठक व्हायची आहे. तो म्हणाला, हो हो, हे नुसतं आवरतोय.

बैठकीत नगरपालिकेचे वरिष्ठ अधिकारी म्हणाले की आकडा घसरला, म्हणजे गरजही घसरली. खोली दुसऱ्या कामाला लागेल. ते वाईट माणूस नव्हते, त्यांना आकडे जसे दिसतात तसे दिसले. मी काही बोलणार तोच बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"मागचा आकडा मोठा होता, पण त्याच्यामागे कोण होतं ते कोणाला ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या. "या आकड्यामागे चोवीस माणसं आहेत. त्यांतल्या एकोणीस जणांनी सांगितलं आहे की आम्हाला फोन करा. तो फोन कोण करणार आणि कुठून करणार, एवढंच आज ठरवायचं आहे."

बाईंचं सगळ्यांना ऐकू यावं म्हणून सभागृहातले पंखेसुद्धा बंद केले होते. अधिकाऱ्यांनी कागद दोनदा चाळले. खोली राहिली. एक फोन गेला, दुसरा राहिला. मला तो गेलेला फोन बरेच दिवस खुपत होता, पण दादा म्हणाला, एका वेळी एकाच माणसाचं ऐकता येतं, मला दोन कान असले तरी.

अहवाल छापायला गेला. नव्या आकड्याखाली चारही उत्तरं होती, आणि मी ती तळटीप लेकीच्या प्रगतिपुस्तकासारखी पुन्हा पुन्हा वाचली. नियमावलीही पक्की झाली आणि त्याच अहवालाच्या शेवटी छापायचं ठरलं. शेवटच्या दिवशी मी तीत एक कलम घातलं: मोजणाऱ्याने स्वतःला मोजू नये. नियम मंजूर करणाऱ्या समितीत कोणीतरी विचारलं की इतकी उघड गोष्ट लिहायची काय गरज. बाई खाली बघून म्हणाल्या, राहू द्या.

छापलेली पहिली प्रत मी दादाला द्यायला गेले. संध्याकाळची वेळ होती, फोन शांत होता. त्याने चष्मा लावून पहिल्या पानापासून सगळं वाचलं. असं वाचणारा तो जगातला एकमेव माणूस असावा. त्या कलमापाशी येऊन तो थांबला. बोट ओळीवर ठेवून हसला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "पण मोजणारा एकटा असला, तर त्याला कोणी मोजायचं?"

त्याने हे थट्टेत विचारलं होतं. मीही थट्टेतच उत्तर देणार होते. पण माझ्या पिशवीत पाहणीचा एक कोरा कागद उरला होता, आणि मला एकदम लक्षात आलं की सहाशे दारं झाली आणि या माणसाला आम्ही काही विचारलंच नाही. मी पेन काढलं.

मी विचारलं, गेल्या आठवड्यात तुम्ही कोणाशी बोललात का.

तो म्हणाला, अगं दिवसभर फोनवरच असतो. मी त्याला बाईंची व्याख्या वाचून दाखवली. स्वतःबद्दल काही सांगितलं, समोरच्याने ऐकलं, त्यावर काही म्हटलं. फोनवरची माणसं सांगतात आणि तू ऐकतोस, मी म्हटलं, ते त्यांचं बोलणं झालं. मग तो म्हणाला, तुझ्याकडे येतो ना रविवारी. आणि स्वतःच नकारार्थी मान हलवली. रविवारी माझी लेक बोलते, माझा नवरा बोलतो, आणि त्या दोघांना थांबवून मी बोलते. दादा हं म्हणतो.

तो कागदाकडे बघत राहिला. मी वाट पाहिली. घाई करायची नसते हे मी दारांवर शिकले होते.

"नाही, असं लिही," तो म्हणाला.

"गेल्या महिन्यात?"

"तुझी वहिनी गेली तेव्हापासून, असं लिही. तिचं नाव घेऊन मी कोणाशीच बोललो नाही. तू रडशील म्हणून तुझ्याशी नाही, आणि बाकीच्यांना काय सांगायचं." त्याने चष्मा काढला. "रोज काहीतरी आठवतं गं. आज सकाळीसुद्धा आठवलं."

मी काही लिहिलं नाही. उठून ती रिकामी आरामखुर्ची टेबलाजवळ ओढली, त्याला तीत बसवलं आणि किटली ठेवली. मग त्याच्या समोर बसले आणि म्हटलं, "सकाळी काय आठवलं ते सांग."